दोनदा मारलेला काना

११ सप्टेंबर १९६६

या गावात एक धड अक्षर नाही. आज मुद्दाम मोटार स्टँडपासून तहसिलीपर्यंत पायी गेलो आणि सगळ्या पाट्या वाचल्या. किराणा दुकानाच्या पाटीवरची वेलांटी शेजारच्या शिंप्याच्या हद्दीत गेली आहे. शिंपी स्वतःच्या पाटीत एक अक्षर विसरला होता, ते नंतर वर बारीक काढून खाली बाण दाखवला आहे. दवाखान्याची पाटी बघून धडधाकट माणसाला कापरं भरावं. आणि या सगळ्यावर लोक खूश! कुणाला काही खुपत नाही. देवानं यांना डोळे दिले ते फक्त ठेच लागू नये म्हणून.

मी नागपूरला एका कलाशाळेत दीड वर्ष अक्षर शिकलो. परीक्षा दिली नाही, कारण जे परीक्षा घेणार होते त्यांनाच ‘अ’ काढता येत नव्हता आणि हे मी त्यांना भर वर्गात सांगितलं होतं. आता छत्तिसाव्या वर्षी घराच्या पुढच्या खोलीत ‘जानराव आर्ट’ सुरू केलं आहे. आजपासून ही वही. पुढे माझ्यावर कुणी लिहिलं तर त्याला खात्रीची माहिती मिळावी.

माय रेशनची जवारी निवडत बसली होती. यंदाही पाण्यानं दगा दिला, त्यामुळे घरोघरी रेशनचीच जवारी, आणि तिच्यात खडे फार. म्हणाली, "पाटी तं लावली बाप्पा, पन गिऱ्हाईक कोन येईन? लोकाइच्या पोटात नाई, त्याइले पाटी कायले लागते?"

तिला कलेतलं काही कळत नाही.

१४ सप्टेंबर

सरकारी कारभार मराठीत झाला, त्यामुळे तहसिलीच्या सगळ्या पाट्या बदलायच्या आहेत असं ऐकलं. अर्ज द्यायला गेलो. तहसिलीच्या व्हरांड्यात दोघे अर्जनवीस बसतात. एक शेषराव. हा टाकानं लिहितो आणि प्रत्येक अक्षराला शेपूट काढतो. त्याचा अर्ज म्हणजे शेपटांचा गुंता. साहेब लोक तो वाचत नाहीत, वजन करून मंजूर करत असावेत.

दुसरी पुष्पाबाई. तिचा नवरा अर्जनवीस होता. तो दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून त्याच्या जागेवर ही त्याचा मराठी टाइपरायटर घेऊन बसते. रोज सकाळी नवऱ्याच्या सायकलच्या कॅरिअरवर मशीन बांधते आणि सायकल हातात धरून आणते. चालवता येत नाही, पण आणते.

मशीन म्हणजे दात पडलेली म्हातारी. ‘क’चा उजवा पाय तुटका. ‘म’च्या पोटात शाई साचून काळा गोळा झालेला. ‘र’ ओळीच्या वर उडी मारतो, ‘ळ’ खाली बसतो. शिरोरेषा तर कुणाचीच कुणाला जुळत नाही, सगळे भाऊ भांडून वेगळे निघाल्यासारखे. माझा अर्ज असल्या अक्षरात! पण शेषरावच्या शेपटांपेक्षा बरं म्हणून तिच्यापुढे बसलो.

टाइप झाल्यावर तिनं वर न बघता विचारलं, "सही येते का अंगठा?"

मला! मी म्हणालो, "बाई, मी अक्षरांचा कलावंत आहे."

"मंग सही येत असन," असं म्हणून तिनं कागद पुढे केला.

मी पूर्ण सही केली, ‘ज’च्या वळणासकट. नागपूरला त्या वळणासाठी मी एक अख्खा पावसाळा घालवला होता. तिनं पाहिलीसुद्धा नाही. तोवर तिची शाईची डबी पुढच्या म्हातारीच्या अंगठ्याखाली गेली होती.

१९ सप्टेंबर

अर्जावर तारीख राहिली असं वाटून परत गेलो. तारीख होती. तरी बसलो थोडा वेळ, ऊन होतं म्हणून.

एक गोष्ट दिसली. ही बाई प्रत्येक काना दोनदा मारते. बाकीची अक्षरं एकेकदा, काना मात्र खट-खट. असं का, म्हणून विचारलं.

"एकदा मारला तं उमटत नाई," ती म्हणाली. "घासला तो. या मशिनीत सगळ्यात जास्त राबते तो कानाच. ‘ग’ पुरा कराले तोच लागते, ‘ण’ले तोच, ‘श’ले तोच. बाकीचे आपापलं पाह्यतात, याले सगळ्याइचं करा लागते."

आणि दुसरा ठोका पहिल्यावर नेमका बसत नाही, केसभर उजवीकडे जातो. त्यामुळे प्रत्येक कान्याला सावली पडते. गचाळ काम. पण गचाळपणा इतका नेमका असतो हे मला पहिल्यांदाच दिसलं. ती बिनदुधाचा चहा पिते हेही दिसलं. मी दुधाचा मागवून दिला, तर तिनं तो रांगेतल्या एका म्हाताऱ्याला दिला. शिष्टाचार म्हणून नाही या लोकांना.

२६ सप्टेंबर

आज हिंमतराव वकील घरी आले. ते इथल्या हौशी नाटक मंडळाचे अध्यक्ष, लेखक, आणि कुणी अडवलं नाही तर नायकसुद्धा. नवं रहस्यमय नाटक लिहिलं आहे, ‘गोदाम नंबर तीन’. धान्याच्या गोदामात चोरी होते आणि एक डिटेक्टिव्ह येतो. पहिल्या अंकात तो प्रेमात पडतो, दुसऱ्यात गाणं म्हणतो, तिसऱ्यात त्याला चोरीची आठवण होते. हे त्यांनी मला स्वतः वाचून दाखवलं आणि तिसऱ्या अंकात स्वतःच दचकले.

त्यांना पोस्टर हवं आहे. "पिस्तूल पाह्यजे, बाई पाह्यजे, आन अक्षरातून रगत टपकलं पाह्यजे," म्हणाले. नाटकवाल्यांची झेप रक्ताच्या थेंबापलीकडे जात नाही.

मी म्हटलं, बघतो. ते गेल्यावर टेबलावर माझ्या अर्जाची नक्कल पडली होती, दाराकडून सहज तिच्याकडे पाहिलं आणि अंगावर काटा आला. गुन्हा म्हटला की पंचनामा आला, जबाब आला, समन्स आलं. ही सगळी टाइपरायटरची अक्षरं. तीच जर वीतभर उंच केली, तुटक्या पायासकट, साचलेल्या शाईसकट, सावलीच्या कान्यासकट? पिस्तूल नको, बाई नको. नुसतं अक्षर. हे अजून कुणी केलेलं नाही. मुंबईतसुद्धा नाही, नाहीतर मला कळलं असतं.

३० सप्टेंबर

पुष्पाबाईकडून अख्खी बाराखडी, जोडाक्षरं, आकडे, सगळं टाइप करून घेतलं.

"हे कायले पाह्यजे तुमाले?" तिनं विचारलं.

"अभ्यासाला."

तिचे हात थांबले. "जानरावभाऊ, हे अक्षर तहसिलीचं हाय. तठी टाइप कराले मानूस नाई, जागा रिकामी हाय. म्हून रेशनची, धान्याच्या लेव्हीची, शाळेची, सगळी नोटीस माह्याच मशिनीवर होते. या तालुक्यात सरकार म्हनजे हेच मशीन." हे सांगताना ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "भलत्या कामाले वापरू नका. साहेबानं मले बसाले एवढी जागा देल्ली, दुसरीकडं कोन बसू देते? एवढी गेली तं मी काय खाऊ?"

"असली भिकार अक्षरं कोण वापरणार?" मी म्हणालो.

तिला ते पटलेलं दिसलं. कागद काढून माझ्या हातात दिला.

९ ऑक्टोबर

मेहकरहून लिनोलियमचे तुकडे आणले आणि त्यांवर ठसे कोरायला घेतले. चांगलं अक्षर काढायला हात लागतो, मोडकं काढायला डोळा लागतो. सामान्य पेंटर मोडकं अक्षर म्हणजे काय समजेल? उगाच इथे तिथे टवके उडवेल. पण मशीन उगाच मोडत नाही. त्याचा ‘क’ प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच कोनात तुटतो, पहिल्या ओळीत आणि शेवटच्या ओळीतही. बदलते ती फक्त शाई, कुठे दाट, कुठे फिकी. टवका तोच ठेवायचा आणि शाई बदलायची, यात सगळी खुबी आहे. हे मी कुणाला सांगणार नाही. सांगितलं तरी इथे कुणाला कळणार आहे?

भिंग घेऊन सकाळपासून बसलो होतो. माय दोनदा जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा दारात उभी राहिली.

"सकायपासून त्या बाईच्या कागदाकडं पाहून राह्यला. मानूस पसंत हाय तं सांग बे सरळ. पाट लावून देऊ. आपल्यात चालते."

"माय, मी ‘क’कडे बघतो आहे."

"मले काय करा लागते तू कायकडं पाह्यते तं," म्हणाली आणि ताट झाकून गेली. विधवेशी पाट आपल्यात चालतो हे मलाही ठाऊक आहे. प्रश्न तो नाही. मोडक्या मशीनच्या मालकिणीशी माझा संबंध अभ्यासापुरता आहे, हे हिला कोण सांगणार?

२४ ऑक्टोबर

पोस्टरं गावभर आणि आसपासच्या खेड्यांत लागली. जाड, मळकट कागदावर काळी शाई. वर वीतभर अक्षरांत ‘गोदाम नंबर तीन’, खाली ‘शनिवार ५ नोव्हेंबर रोजी उघडणार. सर्वांनी हजर राहावे.’ मंडळाचं नाव, नाटकाचं ठिकाण वगैरे किरकोळ मजकूर अगदी तळाला, छापखान्याच्या साध्या बारीक अक्षरात. हिंमतरावांनी पिस्तूल कुठे आहे म्हणून विचारलं. मी बिल पुढे केलं.

पण परिणाम! लोक थांबतात, गप्प होतात. कुणी पोस्टरवर पानाची पिंक टाकली नाही, हे या गावात आजवर कुठल्याच कलेच्या वाट्याला आलेलं नाही. एक म्हातारा तर टोपी काढून उभा राहिला. चित्रप्रदर्शनात मी असा आदर पाहिलेला नाही. खेडवळ माणसालाही कला आतून जाणवते, हे मला आज मान्य करावं लागलं.

२९ ऑक्टोबर

रामराव म्हणून मोठे शेतकरी आहेत, मुलीच्या लग्नाची पत्रिका ‘त्या अक्षरात’ करून द्या म्हणतात. "सरकारी वाटते. पाहुने टायमावर येतीन." त्यांच्यामागे चहावाला, त्याला ‘उधारी बंद’ची पाटी याच अक्षरात हवी. आणि एक तुपाचा व्यापारी!

सगळ्यांना हाकललं. हे अक्षर कशाला चालतं? रहस्याला, गुन्ह्याला, तुरुंगाला, निनावी चिठ्ठीला. तेही मथळ्यापुरतं, चारपाच शब्द, त्याहून जास्त नाही, नाहीतर डोळे दुखतात. लग्नाला नाही. तुपाला तर मुळीच नाही, तुटक्या अक्षरातलं तूप कोण खाईल? चहावाल्याला तेवढी पाटी करून दिली, कारण उधारी हा गुन्हाच आहे.

पुष्पाबाईला सगळ्यात आधी पोस्टर दाखवायला गेलो होतो. तिनं बराच वेळ बघितलं. मग इकडेतिकडे पाहून म्हणाली, "काढून टाका वो हे. हात जोडतो तुमाले." स्तुती करणं जिवावर येतं लोकांच्या.

५ नोव्हेंबर

आजचा दिवस सविस्तर लिहिला पाहिजे.

सकाळी तहसिलीमागच्या रेशनच्या गोदामासमोर गर्दी. हिवरा आश्रमाकडून, नदीपलीकडून, कुठून कुठून माणसं आली होती. बायका, म्हातारे, सगळ्यांच्या हातात रिकामी पोती, थैल्या, एका बाईकडे तर नुसती उशीची खोळ. गोदाम उघडणार म्हणून आले! जवारी वाटणार म्हणून! मी पोट धरून हसलो. नाटकाचं पोस्टर आणि सरकारी नोटीस यातला फरक कळत नाही. वीतभर अक्षराची नोटीस सरकार कधी काढतं का?

पुंजाजी म्हणून एक म्हातारा पुढेच होता. हाच तो टोपी काढणारा. मी त्याला म्हणालो, "बाबा, खाली नाटक लिहिलंय स्पष्ट. वाचलं नाही का?"

"आमाले वाचता नाई येत, साहेब," तो म्हणाला. "पन अक्षर वयखू येते. असं तुटकं अक्षर आलं की सरकारचा कागद. मोठं हाय तं म्हनलं, तहसिलीत मोठं मशीन आलं असन. मोठ्या मशिनीवरचं मोठं वाटप."

चौकीदारानं त्यांना हटवलं, थोडी रेटारेटी झाली, उशीच्या खोळीवाली बाई पडली. परतीची मोटार निघून गेली होती, तेव्हा बरेचजण गावातच राहिले आणि संध्याकाळी नाटकाला येऊन मागे बसले. हिंमतरावांनी मोठ्या मनानं फुकट सोडलं.

नाटक अर्थातच भिकार. पण तिसऱ्या अंकात पडदा सरकला आणि मी रंगवलेलं गोदाम दिसलं, थरावर थर पोती, आत कडबा भरलेला पण वरून हुबेहूब. तेव्हा मागचे सगळेच्या सगळे लोक उठून उभे राहिले. कुणी टाळी वाजवली नाही. नुसते उभे राहिले. नेपथ्याला अशी दाद मी आयुष्यात पाहिली नव्हती. पुंजाजीच्या तर डोळ्यांत पाणी होतं.

१० नोव्हेंबर

रेटारेटीची चौकशी लागली. तहसीलदार पुण्याकडचे, सुसंस्कृत, त्यामुळे मी नि:शंक होतो. शेषरावनं अर्ज दिला होता, शेपटांसकट, की ही खोटी नोटीस पुष्पाबाईच्या मशीनवर झाली. तिच्यामुळे याची निम्मी गिऱ्हाइकं गेलेली, त्याचा हा जळफळाट. साहेबांनी त्याला, हिंमतरावांना, पुष्पाबाईला, मला बोलावलं.

पुष्पाबाई म्हणाली, "साहेब, म्या नाटकाचा एक कागद टाइप केला नाई. माह्या मशिनीवर एवढं मोठं अक्षर येते काय? तुमीच पाहा."

साहेब हसले. "बरोबर आहे बाईंचं. शेषराव, वाकडंतिकडं अक्षर कुणीही काढतं. त्याचा यांच्या यंत्राशी काय संबंध?"

लगेच हिंमतराव पुढे झाले. "हाव ना साहेब. आमच्या पेंटरचा हातच वाकडा हाय. त्याच्यानं सरळ रेघ निघत नाई, म्हून पोस्टर असं झालं. मिटवून टाका."

साहेबांनी मान डोलावली आणि फाइल बंद करायला घेतली.

माझा हात वाकडा! आठ दिवस भिंग लावून कोरलेल्या कामाबद्दल, भर कचेरीत, डिटेक्टिव्हला गाणं म्हणायला लावणाऱ्या माणसानं हे बोलावं! मी उभा राहिलो. पिशवीतून बाराखडीचा कागद काढला, ठसे काढले, भिंग काढलं, आणि साहेबांच्या टेबलावर एकेक अक्षर मांडलं. हा ‘क’, याचा पाय इथे तुटला, पोस्टरवर नेमका इथेच. हा ‘म’, पोटातला गोळा बघा, डावीकडे झुकलेला. हा ‘र’. आणि हा काना, दोनदा मारलेला, दुसरा ठोका केसभर उजवीकडे. याला वाकडा हात म्हणतात का? हे बाईंच्याच यंत्राचं अक्षर आहे, तंतोतंत, फक्त मोठं.

‘र’ दाखवत होतो तेव्हा पुष्पाबाई मान हलवत होती. मला वाटलं, ‘र’बद्दल तिचं मत वेगळं आहे. तेव्हा मी तिच्या टाइप केलेल्या एका नोटिशीवर तो परत सिद्ध करून दाखवला.

साहेबांनी विचारलं, "हा नमुना तुम्हाला कुणी टाइप करून दिला?"

"पुष्पाबाईंनी," मी म्हणालो. "माझ्या सांगण्यावरून."

साहेबांनी फाइल परत उघडली आणि बराच वेळ लिहीत राहिले. निकाल असा : सरकारी कामाचं यंत्र, त्याच्या अक्षरांचा नमुना बाईंनी बाहेर दिला, त्यातून लोकांची फसगत झाली. सबब तहसिलीचं काम बंद, व्हरांड्यात बसण्याची परवानगी रद्द. माझ्यावर ठपका नाही. ‘कलावंताचा हेतू शुद्ध होता’ असं साहेबांनी स्वतः म्हटलं.

सत्य बाहेर आलं आणि माझं काम अचूक असल्याचं सरकारी दप्तरात नोंदलं गेलं. हिंमतरावांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

बाहेर आलो तर पुष्पाबाई सायकलच्या कॅरिअरला मशीन बांधत होती. दोरी आवळून झाल्यावर म्हणाली, "जानरावभाऊ, अक्षर लय बारीक पाह्यलं तुमी. मी मान हालवून राह्यली होती ते नाई दिसलं?"

मी ‘र’बद्दल बोलणार होतो, पण ती निघाली होती.

१६ नोव्हेंबर

दिवाळी गेली. माय पाच दिवस माझ्याशी बोलली नाही. उरलेली पोस्टरं तिनं फडताळात अंथरली, अक्षरं खाली करून.

आज तहसिलीवरून गेलो. तिची जागा रिकामी आहे, म्हणजे शेषराव तिथवर पसरला आहे. कळलं की ती देऊळगाव राजाला गेली, तिकडे चुलतभाऊ आहे. बरंच झालं. इथल्या लोकांत तिचं डोकं चाललं नसतं. आता हे विधान मी का केलं कळत नाही, पण खोडत नाही, वहीत खाडाखोड वाईट दिसते.

२१ डिसेंबर

तहसिलीत बुलढाण्याहून नवं मशीन आलं. त्याची पहिली नोटीस लागली : दोन दिवस गोदामातून जवारीचं वाटप. मी जाऊन अक्षर पाहिलं. गुळगुळीत, नुकताच न्हाव्याकडून उठलेल्या नवरदेवासारखं. एक टवका नाही, एक डाग नाही. असल्या अक्षराकडे कोण बघणार?

कुणी बघितलं नाही. गावातले नेहमीचे लोक जाऊन घेऊन आले. खेड्यांतून जवळजवळ कुणी आलं नाही. उरलेली पोती ट्रकमध्ये चढवून परत गेली, मी स्वतः उभा राहून पाहिलं. ही पोती कडब्याची नव्हती.

आज बाजारात पुंजाजी भेटला. काऊन नाही आलास, म्हणून विचारलं. वाळला आहे म्हातारा.

"ते अक्षर वयखीचं नवतं, साहेब," म्हणाला. "आन वयखीचं असतं तरी आता कोन येते? एकडाव येऊन पाह्यलं ना पोतं घेऊन."

मूर्ख माणसं. एकदा हसू झालं तर दुसऱ्यांदा उपाशी राहतील, पण येणार नाहीत. घरी येऊन मायला हे सांगितलं. ती म्हणाली, "मूर्ख कोन हाय ते मले नको सांगू," आणि जवारीचा डबा उघडून एक पायली पुंजाजीकडे पाठवून दिली. त्याचं गाव कुठलं हेही तिला ठाऊक होतं. मला नव्हतं.

चहावाल्यानं ‘उधारी बंद’ची पाटी उतरवली आहे. लोक बाहेरूनच परत जात होते म्हणे.

१७ जानेवारी १९६७

देऊळगाव राजाला जाऊन आलो.

संक्रांतीपासून माय मागे लागली होती. "जाय, तिले शब्द टाकून ये. तुह्याच्यानं तिची जागा गेली, तं आपल्या घरात जागा दे म्हना. नाई म्हनली तं नाई. पन इचार तं." मी आधी हसलो. मग कपडे करून मोटारीत बसलो. कारण काय, तर तिच्या मशीनचे आकडे मी पुरते उतरवून घेतले नव्हते, पुढे कामाला लागतील, असं स्वतःला सांगितलं. उपयोग झाला नाही. मेहकर मागे पडल्यापासून मायचं वाक्य पाठ करत होतो आणि एकदाही पूर्ण होत नव्हतं.

बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका कापड दुकानाच्या ओट्यावर ती बसते. सायकल दिसली नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "इकली ना. अकोल्याहून मशिनीची अक्षरं बदलून आनली बाईनं." पुढे पाचसहा माणसं रांगेत होती. मी रांगेत बसलो. बसल्या बसल्या तिच्या हातातले कागद दिसत होते. ‘क’ला दोन्ही पाय. ‘म’चं पोट स्वच्छ. ‘र’ ओळीत. मला पहिल्यांदा राग आला, की माझं मूळ हिनं नष्ट केलं. मग तो राग कुठे ठेवावा हे कळेना.

माझी पाळी आली. तिनं नवा कागद चढवला.

"नाव?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती कागदाकडे बघत होती.

"जानराव."

"बापाचं?"

"तुळशीराम."

"धंदा?"

"पेंटर."

"अर्ज कायचा?"

मायचं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मागे एक माणूस खोकला. मी म्हणालो, "पोस्टर लावायच्या परवानगीचा. या गावात."

ती टाइप करू लागली. आणि मी ऐकलं. बाकीची अक्षरं एकेकदा, पण काना खट-खट. नव्या कान्याला आता गरज नाही, एकदाच मारला तरी लख्ख उमटतो. पण हाताला माहीत नाही. त्यामुळे सगळ्या स्वच्छ कागदावर प्रत्येक काना काळा कुळकुळीत, दुप्पट झालेला. हे तिला सांगावं असं वाटलं. तुमचा काना अजून सगळ्यांचं करतो आहे, असं काहीतरी. अक्षराबद्दल मला काही दिसलं आणि मी ते बोललो नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

तिनं कागद ओढून काढला. "सही येते का अंगठा?"

मी खिशातलं पेन काढणार, तोवर तिनं शाईची डबी माझ्यापुढे सरकवली होती. झाकण उघडं होतं. मी डबीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पहिल्यांदाच तिनं सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि नजर हलवली नाही. मी पेन परत खिशात ठेवलं. डावा अंगठा शाईत बुडवला आणि नावाखाली टेकवला.

"नीट दाबा," ती म्हणाली.

मी नीट दाबला.

तिनं फडकं दिलं आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहत म्हणाली, "हं, पुढं कोन हाय?"

मोटारीत अंगठा रुमालाला घासत आलो, शाई निघाली नाही. घरी पोचलो तर माय दारातच होती.

"काय म्हनली ते?"

"नीट दाबा म्हनली."

मायनं माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. आत जाता जाता म्हणाली, "हात धू आन जेवाले बस."